दिवाळी ते अक्षय्य तृतीया : हिवाळी टायरांचा हिशोब

ऑक्टोबर लागला की टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर फराळाच्या ऑर्डरींबरोबर एक प्रश्न हमखास येतो : ‘आमची गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, मग स्नो टायर कशाला?’ याचं उत्तर छोटं आहे. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक साध्यातल्या साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. लाल दिव्यापाशी गाडी उभी राहते की घसरत चौकात जाते, हे ठरतं रबर आणि रस्ता यांच्या मधल्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत. उलट, ऑल व्हील ड्राइव्हमुळे गाडी बर्फातून इतकी सहज बाहेर पडते की रस्ता किती निसरडा आहे याचा चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. तो लागतो ब्रेक दाबल्यावर.

तेव्हा ‘लागतात का’ हा प्रश्न सोडून ‘किती लागतात’ याकडे वळू. आपल्या लोकांत टोयोटा आरएव्ही-फोर, होंडा सीआर-व्ही, सुबारू फॉरेस्टर, ह्युंदाई टुसाँ अशा कॉम्पॅक्ट एसयूव्ही सर्वांत जास्त दिसतात, म्हणून हिशोब त्यांचाच मांडला आहे. आकडे कॅनेडियन डॉलरमध्ये, ओंटारिओतले आणि १७ इंची चाकाचे आहेत. दुकानागणिक आणि महिन्यागणिक ते खालीवर होतात. प्रत्यक्ष कोटेशन घेताना आपल्याला कुठे फसवलं जात नाही ना, एवढं कळायला ते पुरेसे आहेत.

टायरावर काय वाचायचं

नव्या गाडीबरोबर ‘ऑल सीझन’ टायर येतात. नावात सगळे ऋतू असले तरी पारा ७ अंशांच्या खाली उतरला की त्यांचं रबर कडक होऊ लागतं. रस्ता कोरडा असो, बर्फ एक कणभरही नसो, पकड कमी होते. हिवाळी टायरांचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्यांच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक, नागमोडी चिरा असतात. त्या बर्फावर कडा रोवतात. पण हेच मऊ रबर जुलैच्या डांबरावर भराभर झिजतं आणि ब्रेक दाबल्यावर लिबलिबतं. ‘हिवाळी टायर बारा महिने ठेवले तर काय बिघडलं’ असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

टायरच्या बाजूवर दोन खुणा असू शकतात. ‘एम+एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ. ही खूण फक्त खाचांच्या रचनेवरून देतात, त्यासाठी कसलीही चाचणी होत नाही. बहुतेक ऑल सीझन टायरांवर ती असतेच आणि दुकानातला विक्रेता ती अभिमानाने दाखवतो. तिला भुलू नका. दुसरी खूण तीन शिखरांच्या डोंगराची, आत हिमकण. ती १९९९ मध्ये आली. दाबलेल्या बर्फावर एका ठराविक प्रमाण टायरपेक्षा निदान १० टक्के अधिक खेच दाखवणाऱ्या टायरलाच ती मिळते. इथेही एक मेख आहे. ही चाचणी गाडी पुढे खेचण्याची आहे; ब्रेकची नाही, आणि गोठलेल्या काचेसारख्या बर्फाची तर नाहीच. डोंगर-हिमकण ही किमान पात्रता समजा, गुणवत्ता यादी नव्हे.

उत्पादनाची तारीखही पाहायची. ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष : २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नीट साठवलेला वर्षभर जुना माल घ्यायला हरकत नाही. त्याहून जुना असेल तर भाव पाडून मागा. दुकानदाराला तो खपवायचाच असतो.

कायदा कुठे काय म्हणतो

ओंटारिओत सक्ती नाही. मात्र १ जानेवारी २०१६ पासून इथल्या प्रत्येक वाहन विमा कंपनीला हिवाळी टायरांसाठी सवलत द्यावीच लागते. ती सहसा २ ते ५ टक्के असते आणि मागितल्याशिवाय मिळत नाही. क्यूबेकने २००८ पासून सक्ती केली. तिथे नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च डोंगर-हिमकण खुणेचे टायर हवेतच, नाहीतर २०० ते ३०० डॉलर दंड. ब्रिटिश कोलंबियात १ ऑक्टोबरपासून बहुतेक डोंगरी मार्गांवर ३० एप्रिलपर्यंत नियम लागू असतो. तिथे एम+एस चालतं, पण खाच निदान साडेतीन मिलिमीटर खोल हवी. म्हणून व्हँकुव्हरहून बँफला निघालेल्या पाहुण्यांनी भाड्याची गाडी घेताना टायरांबद्दल स्पष्ट विचारावं.

अमेरिकेत राज्याराज्यांत फरक आहे. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर डोटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे योग्य टायर किंवा साखळ्या जवळ असाव्याच लागतात. जर्मनीतल्या वाचकांसाठी : रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेला थर असेल तेव्हा हिवाळी टायरांची सक्ती आधीपासूनच आहे, पण १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम+एस तिथे बाद झालं.

दोन इंच कमी, पन्नास डॉलर कमी

सीआर-व्ही किंवा आरएव्ही-फोरच्या वरच्या मॉडेलला १९ इंची देखणी रिम येतात. हिवाळ्यासाठी तीच घ्यायचा हट्ट म्हणजे खिशाला चाट. १९ इंची हिवाळी टायर १७ इंचीपेक्षा नगामागे पन्नास ते ऐंशी डॉलर महाग पडतो. शिवाय त्याची भिंत बुटकी असल्याने मार्चमधल्या खड्ड्यात रिम वाकायची भीती जास्त.

उपाय सोपा आहे : चाकाचा एकूण व्यास तोच ठेवून रिम लहान आणि रबर उंच करायचं. सीआर-व्हीचं उदाहरण घ्या. २३५/५५ आर १९ या टायरचा व्यास ७४१ मिलिमीटर भरतो. २३५/६५ आर १७ चा भरतो ७३७. फरक अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे स्पीडोमीटरला कळणारही नाही. हा हिशोब कुणालाही करता येतो : पहिला आकडा रुंदी, दुसरा रुंदीच्या किती टक्के उंची, तिसरा रिमचे इंच. उंचीची दुप्पट आणि रिमचे मिलिमीटर यांची बेरीज केली की व्यास आला. मात्र ब्रेकचा कॅलिपर छोट्या रिममध्ये मावतो का, हे दुकानदाराकडून आपल्या मॉडेलच्या वर्षासह लेखी घ्या. त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला कंपनी १७ इंची चाक देत असेल तर बहुधा अडचण येत नाही.

साइझनंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं, जसं १०२ टी. १०२ म्हणजे त्या टायरवर ८५० किलोचा भार चालतो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. गाडीला मुळात १०२ एच असेल तर हिवाळ्यात टी घेतला तरी चालतं, इथे कोण १९० ने जातंय! भाराचा आकडा मात्र खाली आणायचा नाही. हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्या जड असतात, त्यांनी हे दोनदा तपासावं.

रिमच्या बाबतीत घोडं वेगळ्याच ठिकाणी पेंड खातं. आरएव्ही-फोर आणि सीआर-व्ही दोघांचीही बोल्टांची मांडणी सारखीच, ५ बाय ११४.३. म्हणून मित्राच्या विकलेल्या आरएव्ही-फोरची रिम आपल्या सीआर-व्हीला बसतील असं वाटतं. पण टोयोटाच्या रिमचं मधलं भोक ६०.१ मिलिमीटर आणि होंडाचा हब ६४.१. बसणारच नाहीत. उलट दिशेने, म्हणजे होंडाची रिम टोयोटावर चढतात, पण मधे रिंग घालावी लागते. नटांचंही तसंच. होंडाच्या मूळ रिमला गोलसर बुडाचे नट लागतात, बाजारातल्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचे. चुकीच्या नटाने आवळलेलं चाक पहिल्या दिवशी घट्टच वाटतं, म्हणूनच ते धोक्याचं. रिम बदलली की नट तिच्या जोडीचे घ्या. वीस नटांचा खर्च तीस-चाळीस डॉलरच्या पुढे जात नाही.

आता पाटी-पेन्सिल

२२५/६५ आर १७ हे आरएव्ही-फोरचं सर्वांत प्रचलित माप. या मापात अनोळखी ब्रँडचा हिवाळी टायर १२० ते १६० डॉलरला मिळतो. मधल्या फळीत जनरल अल्टिमॅक्स आर्क्टिक १२, टोयो ऑब्झर्व्ह, फायरस्टोन विंटरफोर्स २ असे टायर १७० ते २१० च्या आसपास. वरच्या फळीत मिशलिन एक्स-आइस स्नो, ब्रिजस्टोन ब्लिझॅक, काँटिनेंटल व्हायकिंगकाँटॅक्ट आणि नोकियन हक्कापेलिट्टा. यांना २२० ते २९० मोजावे लागतात. नोकियनचा इथे मान वेगळा, कारण जगातला पहिला हिवाळी टायर १९३४ मध्ये याच फिनिश कंपनीने काढला. आणि ज्यांना देशी धागा हवा असेल त्यांच्यासाठी : डच कंपनी व्रेडेस्टाइन २००९ पासून आपल्या अपोलो टायर्सची आहे, आणि तिचे हिवाळी टायर इथे वरच्या फळीपेक्षा बरेच स्वस्त मिळतात.

माझं मत विचाराल तर सगळ्यांत स्वस्त फळी टाळा. बर्फावरचा ताज्या टायरांमधला फरक एक वेळ सोसवेल, पण स्वस्त टायरांचं रबर दोन-तीन हिवाळ्यांत कडक होतं आणि पैसे वाचल्याचा आनंद तिथेच संपतो. रोज चारशे-एक किंवा चारशे-सात महामार्गावर पहाटे निघणाऱ्यांनी वरच्या फळीत जावं. शहरातच फिरणाऱ्यांना मधली फळी पुरे. ब्लिझॅकबद्दल एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. त्याच्या प्रसिद्ध मॉडेलांत ते खास सच्छिद्र रबर खाचेच्या वरच्या निम्म्याहून थोड्या अधिक भागातच असतं. ते झिजलं की खाली साधं हिवाळी रबर उरतं. टायर उत्तम, पण चौथ्या हिवाळ्यात पहिल्या हिवाळ्याची पकड मागू नये.

आता पहिल्या वर्षाचं बिल. मधल्या फळीतले चार टायर, २०० प्रमाणे ८०० डॉलर. चार स्टीलची रिम, ११० प्रमाणे ४४०. हवेचा दाब कळवणारे चार सेन्सर, ६० प्रमाणे २४०. टायर रिमवर चढवणं आणि बॅलन्सिंग, २५ प्रमाणे १००. जुन्या टायरांच्या विल्हेवाटीचं शुल्क वीसेक डॉलर. बेरीज १,६००, त्यावर १३ टक्के एचएसटी २०८, एकूण १,८०८.

यातले सेन्सर कॅनडात कायद्याने बंधनकारक नाहीत. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची आहे, म्हणून इकडच्या गाड्यांतही ती येते. हिवाळाभर डॅशबोर्डवर पिवळा दिवा सहन होत असेल तर २४० डॉलर वाचवता येतात. मग दर पंधरा दिवसांनी गेजने हवा पाहायची शिस्त मात्र हवी. २०१७ नंतरच्या सीआर-व्हीवाल्यांना हा खर्च मुळातच नाही. त्या गाड्या चाकाच्या फिरण्यावरून दाब ताडतात, टायर बदलल्यावर फक्त कॅलिब्रेशनचं बटण दाबायचं. त्यांचं बिल १,५३७ वर येतं. होंडाला सेन्सर ‘लागतातच’ असं सांगणारा काउंटरवर भेटला तर गाडीची पुस्तिका उघडून दाखवा.

वेगळी रिम घ्यावीत का? रिमसकट चाकं बदलायला एका खेपेला ७० डॉलरच्या आसपास पडतात. तीच रिम ठेवून नुसतं रबर उतरवून चढवायला दुप्पट. वर्षातून दोन खेपा, म्हणजे करासकट १५८ डॉलरची बचत. नुसती रिम तीन वर्षांत फिटतात, सेन्सरसकट घेतली तर पाचेक वर्षांत. शिवाय दर खेपेला रबर ओरबाडलं जाणं टळतं. गाडी लीजवर असेल आणि दोन वर्षांत परत द्यायची असेल तर रिमच्या फंदात पडू नका.

दुकानदार पुढे एक गोड वाक्य टाकतो : ‘हिवाळी टायर वापरताना उन्हाळी झिजत नाहीत, म्हणजे खर्च फुकटात पडतो.’ अर्धं खरं आहे. वर्षाला १८,००० किलोमीटर चालणारी गाडी धरू. नुसत्या ऑल सीझनवर ८०,००० किलोमीटर निघाले तर सेट साडेचार वर्षांच्या आतच संपतो. चार टायरांचे करासकट १,०४० डॉलर, वर्षाला २३४. आता दोन सेट करू. हिवाळ्यात ७,००० किलोमीटर हिवाळी टायरांवर गेले तर ऑल सीझन सात वर्षं पुरतात, वर्षाला १४३. हिवाळी सेट सहा हिवाळे धरला तर १७३. रिम आणि सेन्सर आठ वर्षांवर पसरले तर ९६. दोन खेपांची मजुरी १५८. बेरीज ५७०. म्हणजे जादा खर्च वर्षाला ३३६ डॉलर. २,४०० च्या विम्यावर ३ टक्के सवलत मिळाली तर ७२ परत. निव्वळ २६० च्या घरात.

फुकट काही नाही, हे उघड आहे. पण ओंटारिओत कोलिजन विम्याचा डिडक्टिबल ५०० किंवा १,००० डॉलर असतो. आपल्या चुकीने झालेल्या एका धडकेनंतर पुढची कित्येक वर्षं प्रीमियम चढतो, तो वेगळा. त्याच्यासमोर हे २६० ठेवून पाहा. ज्यांच्याकडे ड्राइव्हवे, बरा जॅक आणि टॉर्क रेंच आहे त्यांनी चाकं घरी बदलली तर मजुरीचे १५८ ही वाचतात आणि जादा खर्च शंभराच्या आसपास उरतो.

मधला रस्ता : ऑल वेदर

गेल्या काही वर्षांत ‘ऑल वेदर’ टायरांनी बाजार हलवला आहे. मिशलिन क्रॉसक्लायमेट २, टोयो सेल्सियस, ब्रिजस्टोन वेदरपीक, नोकियनचे रेमेडी. नाव ऑल सीझनसारखं, पण यांच्यावर डोंगर-हिमकण असतो आणि ते बारा महिने गाडीवर राहतात. दोन सेट नाहीत, खेपा नाहीत, कॉन्डोत साठवायचं कुठे हा प्रश्न नाही. चार टायर करासकट साधारण १,१७५ डॉलर.

पण इथे एक हिशोब बहुतेकजण करत नाहीत. टायर कायद्याने दीड मिलिमीटर खाच राहीपर्यंत चालतो. बर्फात मात्र चार मिलिमीटरच्या खाली कुठलाही टायर बर्फाचा राहत नाही. नवा ऑल वेदर आठ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे त्याचं साधारण साठ टक्के आयुष्यच हिवाळ्याच्या कामाचं. ७५,००० किलोमीटर चालवला तर वर्षाला २८२ डॉलर पडतात. पण हिवाळी टायर म्हणून प्रामाणिकपणे ५०,००० वर बदलला तर ४२३. घरी चाकं बदलणाऱ्याचा दोन सेटचा खर्च ४१२ येतो. म्हणजे ज्याला घरी बदलता येतं त्याला ऑल वेदर स्वस्त नाही, फक्त सोयीचा आहे.

तरीही काहींना मी ऑल वेदरच सुचवीन. मिसिसागाच्या पश्चिमेला, लेक ओंटारिओच्या काठाने राहणारे, वर्षाला दहा हजार किलोमीटरच्या आत चालवणारे, बर्फ पडला की घरून काम करू शकणारे, आणि टॉवरमधल्या पार्किंगमध्ये जॅक लावायला मनाई असलेले. बॅरी, कॉलिंगवूड, सडबरीकडे ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांनी हा विचार सोडावा. गोठलेल्या रस्त्यावर आणि ओल्या चिखलबर्फावर खरा हिवाळी टायर अजून एक पायरी वर आहे.

उन्हाळी सेट संपतो तेव्हा

हिवाळी सेट आधीच असेल तर ऑल सीझन बदलताना त्यांच्या बर्फातल्या गुणांसाठी पैसे मोजू नका. तिथे पावसातलं ब्रेकिंग, आवाज आणि हायब्रिड असेल तर इंधन एवढंच बघा. मिशलिन डिफेंडर २ दीर्घायुषी आहे, काँटिनेंटल क्रॉसकाँटॅक्ट एलएक्स२५ पावसात शांत. ऑल सीझनवर झिजेचा एक अंक छापलेला असतो, पण तो कंपनी स्वतः चाचणी करून जाहीर करते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत तुलनेला तो ठीक, दोन कंपन्यांत नको. हिवाळी टायरांना तो नसतोच, शोधत बसू नका.

ऑल व्हील ड्राइव्हवाल्यांसाठी महागडी अडचण वेगळी आहे. एक टायर फुटला, बाकी तीन निम्मे झिजलेले, आणि नवा एकच बसवला, तर चार चाकांचे घेर वेगळे होतात आणि मागच्या-पुढच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर सतत ताण येतो. सुबारूबाबत चारही टायरांच्या घेरात पाव इंचाहून, म्हणजे सहा-साडेसहा मिलिमीटरहून अधिक फरक नको असं सांगतात. त्यामुळे एका टायरच्या जागी कधी चार घ्यावे लागतात. काही विक्रेते नवा टायर तासून जुन्यांच्या मापाचा करून देतात, तेही विचारावं. पंक्चर खाचेच्या मधल्या भागात आणि सहा मिलिमीटरच्या आत असेल तर आतून पॅच लावून ३० ते ४५ डॉलरमध्ये भागतं. बाजूची भिंत फाटली तर दुरुस्ती नाही. फक्त पुढच्या दोन चाकांना हिवाळी टायर लावायचा विचार कुणी सुचवला तर सोडून द्या. वळणावर मागची चाकं आधी सुटतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

जुन्यात मिळालं तर

नव्याने आलेल्यांना किजिजी आणि फेसबुकवर रिमसकट सेट चार-पाचशे डॉलरला दिसतात. चांगला सौदा असतो, अगदी नव्यासारखाही, कारण लोक गाडी विकतात आणि सेट उरतो. जाताना दहा डॉलरचा खोली मोजायचा गेज न्या. चारही टायर एकाच मॉडेलचे, सहा मिलिमीटरहून खोल आणि पाच वर्षांच्या आतले असतील तर घ्या. ‘एकच सीझन वापरलेत’ हे वाक्य ऐकून घ्या आणि डॉटचे आकडे वाचा. रिमच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. खड्ड्याने आलेला पोचा बाहेरून दिसत नाही.

कधी बदलायचे आणि बदलल्यावर काय

आपल्याकडे मुहूर्त तयार आहेत. दिवाळीचा फराळ डब्यात भरेपर्यंत हिवाळी टायर चढलेले असावेत, आणि अक्षय्य तृतीया उलटल्याशिवाय उतरवू नयेत. पाडवा मार्चमध्ये आला, ऊन पडलं, म्हणून घाई केली की एप्रिलमधला एक बर्फाळ सोमवार गाठतोच. आणि दिवाळी नोव्हेंबरात असेल त्या वर्षी तिची वाट पाहू नका, ऑक्टोबरच्या अखेरीस काम उरका. खरेदी त्याहून आधी, सप्टेंबरमध्ये. तेव्हा सगळी मापं असतात, चार टायरांवर ७० ते १०० डॉलर परत देणाऱ्या कंपन्यांच्या योजना सुरू होतात आणि वेळ लगेच मिळते. पहिल्या बर्फानंतर त्याच गॅरेजात दोन-तीन आठवड्यांची रांग असते आणि आपलं माप नेमकं संपलेलं असतं.

साठवणीचे दुकानात एका मोसमाला ८० ते १३० डॉलर लागतात. घरी ठेवायचे तर धुऊन, वाळवून, काळ्या पिशवीत, भट्टीच्या मोटरपासून दूर. रिमसकट असतील तर आडवे एकावर एक चालतात, नुसतं रबर असेल तर उभं ठेवा. कुठलं चाक कुठे होतं ते खडूने लिहून ठेवा, पुढच्या खेपेला पुढचं मागे घालता येतं.

पारा साडेपाच अंश उतरला की टायरमधली हवा साधारण एक पीएसआय कमी होते. ऑक्टोबरात पंधरा अंशांत भरलेली हवा जानेवारीच्या उणे पंधरात पाच-सहा पीएसआयने घटलेली असते. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा आहे. रात्रभर उभ्या गाडीची हवा सकाळी मोजून त्याच्याशी जुळवा. नायट्रोजनसाठी जादा पैसे देऊ नका. हवेत आधीच ७८ टक्के नायट्रोजन असतो, तो फुकट मिळतो.

चाकं बदलून आणल्यावर ऐंशी ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यावे लागतात. आरएव्ही-फोरला ७६ फूट-पाउंड, सीआर-व्हीला ८०. बहुतेक दुकानं हे विनामूल्य करतात, पण आपण होऊन बोलावत नाहीत. आणि बिलाचा फोटो काढून त्याच दिवशी विम्याच्या ब्रोकरला पाठवा. ऑल वेदर घेतले असतील तर त्यांनाही सवलत आहे का ते लेखी विचारा, कारण काही कंपन्या डोंगर-हिमकण खूण पाहून देतात आणि काही देत नाहीत.